पदराआडची डबी

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. बारावीत आहे, हुशार आहे आणि तिला कमी ऐकू येतं. तिच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र आहे. शिवाय मोबाइलमध्ये असं काहीतरी आहे की समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं बोलणं मराठी अक्षरांत पडद्यावर उमटतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि मी रडणारी बाई नाही, चिडणारी आहे. पण ही मुलगी कॉलेजात मोबाइल दप्तरातून बाहेरच काढत नाही. केस कानांवर ओढून बसते. "सगळे बघतात," म्हणते. तिची आई मला म्हणाली, "काकू, तुम्ही यातून गेलाय. तुम्हीच समजवा तिला."

समजावणं मला जमत नाही. समजवायला गेले की माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं बाई भांडायलाच आली. म्हणून लिहून देते. तिनं वाचावं, तिच्यासारखं आणखी कुणी असेल त्यानंही वाचावं. यात औषधांची माहिती नाही, ती डॉक्टरांना विचारावी. मला माहीत आहे ती फक्त भीती, आणि ती मात्र मला भरपूर माहीत आहे.

भोंगा

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सोलापुरात शुक्रवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. अप्पा कचेरीत कारकून होते. आई घरी शिवणयंत्रावर टॉवेलच्या कडा शिवायची. मागावरून उतरलेले टॉवेल गठ्ठ्यानं घरी यायचे, ते कापायचे, कडा दुमडून शिवायच्या, घडी घालायची. आमच्या घरात बसायला जागा नसायची, पण टेकायला मऊ टॉवेलांचा ढीग कायम असायचा. मी एकुलती एक. अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाल्यावर डी.एड.ला प्रवेश घेतला होता. प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं, याशिवाय माझ्या डोक्यात लहानपणापासून दुसरं काही आलंच नाही.

पहिलं वर्ष संपता संपता खोकला लागला. आई म्हणाली, टॉवेलाचं तूस छातीत गेलंय, काढा घे. काढे झाले, गूळ-हळद झाली. मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं आणि अप्पा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "क्षय आहे. बरा होईल. पण इथं राहावं लागेल."

'बरा होईल' हे शब्द मी ऐकले, अप्पांनी ऐकले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला रसवंतीत उसाचा रस पाजला. मग माझा ग्लास त्यांनी स्वतः उचलला, नळाखाली धुतला, परत धुतला आणि रसवंतीवाल्याकडे न बघता ठेवून दिला. एवढा साधा, मायाळू माणूस. त्या दिवशी त्याला माझी भीती वाटत होती, आणि मला त्याच्या भीतीची.

वॉर्डात रोजचा दिवस एकसारखा. सकाळी सिस्टर उकळत्या भांड्यातून सुया काढायची, त्यांचा खळखळाट झाला की आम्ही बायका एकेक करून कुशीवर वळायचो. इंजेक्शनची जागा इतकी दुखायची की नाश्ता उभ्यानं करायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक म्हातारी होती. तिला सगळे अज्जी म्हणायचे. कानडीत देवाशी भांडायची आणि मराठीत माझ्याशी. तिचा मुलगा आला की ती त्याला माझ्यासाठीही शेंगाची चटणी आणायला लावायची. त्या वॉर्डात कुणीतरी स्वतःच्या चटणीत मलाही धरतंय, एवढ्यानं मला दिवस ढकलता आले.

त्या काळी सोलापूरचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की लोक उठायचे, पाळी बदलायची, आया डबे भरायच्या. एके सकाळी भोंगा झाला आणि थांबलाच नाही. इंजेक्शन झालं, चहा झाला, डॉक्टरांची फेरी झाली, तरी भोंगा चालूच. मला वाटलं गिरणीत आग-बिग लागली असेल. मी अज्जीला विचारलं, "आज भोंगा का थांबेना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "भोंगा? ते मघाशीच बंद झालं की गं. तुला काय ऐकू यायलंय?"

मला वाटलं, म्हातारीलाच ऐकू येत नाही. मी हसले पण तिच्यावर. तिनं मात्र सिस्टरला हाक मारली.

डॉक्टर आले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या कानाजवळ धरलं. "टिकटिक येते?" मी हो म्हणाले. टिकटिक येत नव्हती, पण घड्याळ दिसत होतं आणि घड्याळ टिकटिक करतं हे मला माहीत होतं. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं की त्यांचं कितीतरी वेळा विचारून झालं होतं.

अप्पांना बोलावून त्यांनी सांगितलं की या इंजेक्शनानं काही जणांच्या कानाला बाधा होते. इंजेक्शन थांबवलं तर फुप्फुसाची धास्ती, चालू ठेवलं तर कानाची. अप्पा म्हणाले, "मुलगी जगू दे, डॉक्टर." त्यांचा काही दोष नाही. मीही तेच म्हणाले असते. आणखी काही आठवडे इंजेक्शनं चालली, मग ती थांबवून गोळ्या सुरू झाल्या. फुप्फुसं पुढं पूर्ण बरी झाली. कान मात्र थांबले नाहीत, उतरतच गेले.

आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं सतत वाटायचं. शिवाय चालताना तोल जायचा. अंधारात तर भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता येईना. पेठेतून भरदिवसा झोकांड्या खात जाणारी तरुण मुलगी बघून लोक काय समजले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

मान

दवाखान्यातून दाखला मिळाला: आजार बरा झाला आहे, संसर्ग नाही. कानाचं त्यात काही नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आईनं तो दाखला वाचला आणि मला समोर बसवून बजावलं, "कानाचं कुणापाशी बोलायचं नाही. क्षय झाला होता एवढं पुरे झालंय लोकांना. त्यात हे कळलं तर तुझं कॉलेजही गेलं आणि लग्नही गेलं."

लग्नाचं मला एवढं वाटत नव्हतं. कॉलेजचं वाटत होतं. बहिऱ्या बाईला पोरांसमोर कोण उभं करील? दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा मी मनाशी ठरवलं, कळू द्यायचं नाही.

आमच्या प्राचार्या फार कडक. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. इस्त्रीची पांढरी साडी, चष्म्यावरून बघायच्या, आणि उशिरा येणारीला दारातच उभं करायच्या. त्यांनी मला पहिल्या बाकावर जागा दिली. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायला दिली. मी त्यांच्या ओठांकडे टक लावून बसायची आणि त्या बोलायच्या थांबल्या की मान डोलवायची. सगळ्यांनाच डोलवायची. मैत्रीण काही बोलली, मान. शिपाई काही बोलला, मान. एकदा कॉलेजच्या वसतिगृहाच्या बाईंनी मला काहीतरी विचारलं, मी मान डोलवली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की स्नेहसंमेलनात मी भारूड म्हणणार आहे. घसा बसल्याचं सोंग करून त्यातून सुटले.

लोकांना हे ऐकून हसू येतं. मलाही येतं, आता. तेव्हा रोज सकाळी कॉलेजच्या फाटकाशी माझे हात गार पडायचे.

डबी

पुण्याचा मामा आईपेक्षा निराळा. त्यानं मला पुण्याला नेलं, एका डॉक्टरांकडे कान तपासून घेतले आणि कानाचं यंत्र करून दिलं. आताच्या मुलींनी ते यंत्र बघायला हवं. साबणाच्या डबीएवढी पत्र्याची डबी, आत सेल, वर जाळी, बाजूला आवाज कमी-जास्त करायची दातेरी चकती. डबीतून एक वायर निघायची आणि कानात बसवायच्या गोळीला जोडलेली असायची. डॉक्टरांनी डबी टेबलावर ठेवली, गोळी माझ्या कानात बसवली, चकती फिरवली आणि तोंडासमोर कागद धरून म्हणाले, "आता?"

मला 'आता' ऐकू आलं. ओठ न बघता. मामाची खुर्ची करकरली तेही ऐकू आलं. मी मामाला म्हणाले, "तुझ्या खुर्चीला तेल घाल." खुर्ची डॉक्टरांची होती.

घरी आले तर आईनं आधी वायर बघितली. "हे बाहेर दिसणार?" तिनं विचारलं. मी म्हणाले, दिसेल थोडं. ती मशीनवर बसली. ढिगातला सगळ्यात मऊ टॉवेल घेतला, त्याच्या घड्या घालून एक पिशवी शिवली, डबी नेमकी बसेल अशी. पत्रा टोचू नये, घाम लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाड पदर. ती पिशवी तिनं माझ्या पोलक्याच्या आत शिवून दिली, वर साडीचा पदर. वायर मानेमागून वेणीत गुंफली, कानावर केस आणि केसांवर अबोलीचा गजरा. मग जरा लांब जाऊन बघितलं आणि पहिल्यांदा हसली. "कळतसुद्धा नाही," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले आणि माझा धीरच सुटला. कानात नुसता खसखस असा आवाज. चालले की खसखस, श्वास घेतला की खसखस, आणि माणसांचे आवाज तर पहिल्यापेक्षाही दूर. मी चकती वाढवली, खसखस वाढली. आठवडाभर बघितलं, सेल बदलले, गोळी पुसली. फरक नाही. मग मी मनाशी हिशेब केला: पुण्याला ऐकू आलं, इथं येत नाही, म्हणजे दरम्यान उरलेसुरले कानही गेले. आणि कान अजून जाताहेत, म्हणजे आजार आत कुठंतरी जागा आहे. मी रात्रंदिवस थुंकी तपासायला लागले. आरशासमोर छाती फुगवून बघायची, डावी-उजवी सारखी फुगते का. आईला काही सांगितलं नाही. तिनं इतक्या मायेनं शिवलेली पिशवी घालून मी रोज बहिरी होऊन परत यायची.

शाब्बास

डी.एड.ला सराव पाठ असतात. जवळच्या शाळेत जायचं, पाठाचं टाचण लिहून वर्गाला शिकवायचं, आणि मागे बसून मैत्रिणी त्रुटी लिहून काढतात. माझ्या पाठाला शकुंतला बसायची. टेंभुर्णीजवळच्या वस्तीवरची, शेतकऱ्याची मुलगी, कॉलेजच्या वसतिगृहात राहायची. बोलायला लागली की वसतिगृहाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, म्हणून मला ती आवडायची. तिचे शब्द मला निम्मे तरी मिळायचे.

त्या दिवशी पाठ होता 'आपला जिल्हा'. मी माझं माझं सगळं चोख म्हटलं, नकाशा काढला. प्रश्न विचारायचा, हात वर होतील त्यातला एक निवडायचा, तो पोरगा ओठ हलवून थांबला की "शाब्बास, बस खाली" म्हणायचं. माझी युक्ती ठरलेली होती. वर्ग हसला तर मीही हसायची. त्या दिवशी वर्ग खूप हसला. मीही खूप हसले. पाठ छान रंगला असं वाटलं.

बाहेर आल्यावर शकीनं मला नळाच्या कोपऱ्यात ओढलं. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "सुमे, तू बहिरी हायेस व्हय?"

मी मान डोलवली. खरं तर नाही म्हणायचं होतं.

"मोठी नदी कंची म्हनून तू इचारलंस. त्ये पोरगं म्हनलं, कंबर तलाव. आन् तू म्हनलीस शाब्बास! पोरं हसून हसून मेली. त्येला वाटलं आपलंच बरूबर हाय. आता त्ये पोरगं घरी जाऊन आईला सांगंल, आपली मोठी नदी कंबर तलाव हाय!"

ती हसत होती, मग माझं तोंड बघून थांबली. मी तिथंच नळाच्या कट्ट्यावर बसले. इतके दिवस मला भीती होती ती माझी. मला काढतील, माझं काय होईल. त्या पोराचा चेहरा डोळ्यासमोर आला, बस म्हटल्यावर किती ऐटीत बसला होता तो. मी शिक्षिका झालेच तर वर्षानुवर्षं अशीच शाब्बास वाटत सुटणार होते. त्या विचारानं मला जे वाटलं ते क्षयाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"मोठ्या बाईंना सांगू नको," मी म्हणाले.

"म्या कशाला सांगू? पर वार्षिक पाठाला परीक्षक येनार, तवा काय करशील?"

ढिगावर

रविवारी दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं होतं. पिशवी घामानं ओली झालेली, म्हणून डबी काढून शिवलेल्या टॉवेलांच्या ढिगावर ठेवली आणि शेजारी भिंतीकडे तोंड करून केस पुसत बसले. सेल संपलाय का बघावं म्हणून गोळी कानात घातली आणि चकती फिरवली. आईचं मशीन बंद होतं. अप्पा दारात बसले होते. मी पाठमोरी होते, त्यामुळे दोघं मोकळेपणी बोलत होते.

"बार्शीच्या स्थळाला काय कळवायचं?" हा आईचा आवाज. स्वच्छ. प्रत्येक शब्द.

"मुलगी अबोल आहे म्हणून सांगू," अप्पा म्हणाले. "शांत स्वभावाची."

"आणि नोकरीचं विचारलं तर?"

"नोकरी कुठली आता. कोर्स पुरा केला तरी खूप झालं."

मी गोळी काढली. खोली गप्प झाली. गोळी घातली, खोली बोलायला लागली. डबी उचलून छातीशी टॉवेलात धरली, खसखस आली आणि आई दूर गेली. परत ढिगावर ठेवली, आई जवळ आली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐकत होती ती डबी. मी तिचं तोंड टॉवेलात गुंडाळून तिला पोलक्यात कोंडलं होतं, आणि ती बिचारी दिवसभर टॉवेलच ऐकत होती. माझे कान होते तेवढेच होते. आजार गेलेला होता. मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग राग.

मी वळले. "मी अबोल नाहीये," मी म्हणाले.

आईच्या हातातली कात्री खाली पडली. तीही मला ऐकू आली.

मी सगळं सांगितलं. डबी बाहेरच राहायला हवी, साडीवर, उघडी. आई ऐकेना. "गळ्यात घंटा बांधून फिरणारेस का पेठेतून? लोक काय म्हणतील, काही कळतंय का, काय बोलायलीस तू?" मी म्हणाले, "लोक काय म्हणतील ते निदान ऐकू तरी येईल." तिनं माझं वाळत घातलेलं पोलकं घेतलं, आतल्या पिशवीचे जाड पदर चाचपले, आणि एकदम खाली बसली. "म्हणजे मीच तुला बहिरी केलं म्हण की," ती म्हणाली. तसं नव्हतं. पण मी रागात होते आणि तसं नाही असं मी म्हणाले नाही. अप्पा उठून बाहेर गेले. त्यानंतर वार्षिक पाठापर्यंत आई माझ्याशी कामापुरतंच बोलली, तेही मशीनवरून, पाठमोरी.

वार्षिक पाठ

पाठाच्या दिवशी डबीला नाडी बांधली आणि गळ्यात अडकवली, पदरावर, समोर. आई दारापर्यंत आली नाही. पेठेतून जाताना सगळी पेठ माझ्या गळ्याकडे बघतेय असं वाटलं, आणि मला वाटतं खरोखरच बघत होती. शाळेच्या पायरीशी थांबून डबी नीट समोर घेतली. शकी म्हणाली, "लई चांगली दिसतीयास. पोलिसावानी."

वर्ग चौथीचा. परीक्षक मागच्या भिंतीशी खुर्चीवर, शेजारी मोठ्या बाई, आणि त्यांच्या बाजूला आमच्या कॉलेजच्या मुली. परीक्षकांना बघून माझा जीव अजूनच खाली गेला, कारण त्यांना मिशा होत्या. झुपकेदार, ओठ पूर्ण झाकणाऱ्या. बहिऱ्या माणसाला मिशीवाल्यासारखा वैरी नाही.

टाचण ठेवायच्या आधीच पहिल्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "बाई, रेडिओ हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "हा माझा कान आहे. एकदम सगळे बोललात तर याला काहीच कळत नाही. एकेकानं बोलायचं."

पाठ होता बी कसं रुजतं याचा. ओल्या फडक्यात मोड आलेली मटकी नेली होती. मी प्रश्न विचारायची आणि हात वर केलेल्या मुलाजवळ जायची, वाकायची, डबी त्याच्यासमोर धरायची. ज्यांनी वर्षभर हात वर केला नसेल ती मुलंही हात वर करायला लागली, डबीत बोलायला मिळावं म्हणून. एकानं सांगितलं, बी रुजायला साखर लागते. मी शाब्बास म्हणाले नाही. "साखर का बरं?" म्हणाले. तो म्हणाला, "आई चहात घालते." मी त्याला मटकी दाखवली आणि विचारलं, हिच्यावर काय आहे, हात लावून बघ. "पानी," तो म्हणाला. तेव्हा शाब्बास म्हणाले. छातीत धडधड इतकी होती की डबीतून तीही ऐकू येईल असं वाटत होतं.

पाठ संपला. मुलांना बाहेर सोडलं. मग परीक्षक खुर्चीत पुढं झुकले आणि मला काहीतरी म्हणाले.

मिशा हलल्या. खोली मोठी, ते मागे, मी फळ्याजवळ. आवाज आला, शब्द आले नाहीत. सगळ्या मुली माझ्याकडे वळून बघायला लागल्या, म्हणजे प्रश्न होता. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. माझी मान हलली. अर्धी हललीच होती. हो म्हटलं असतं तर कदाचित निभावलंही असतं, कोण जाणे. मी मान थांबवली. ती थांबवायला जेवढी ताकद लागली तेवढी मला आजारातून उठायलाही लागली नव्हती.

"सर, मला ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले. मोठ्यानं बोललं की शब्द अजूनच फाटतात. मी बाकांमधून चालत त्यांच्याजवळ गेले आणि डबी त्यांच्या मिशीसमोर धरली. "यात बोला, सर. हळू."

ते डबीच्या जाळीकडे वाकले. मग हळू म्हणाले, "मी विचारलं, तुमचं लक्ष नसताना मागच्या बाकावरचं मूल बोललं, तर तुम्हाला कसं कळणार?"

"कळणार नाही," मी म्हणाले. "म्हणून मागच्या बाकावरच्यांना मी रोज पुढं आणणार. आणि मला कळलं नाही तर मी परत विचारणार."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मोठ्या बाईंकडे वळून काही विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. मला बाहेर थांबायला सांगितलं गेलं.

बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. संपलं, असंच मला वाटत होतं. दाखला बघतील, लपवल्याचं निघेल, कॉलेजातून नाव काढून टाकतील. अप्पांना काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते. शकी आली ती धावतच.

"काय म्हणाले?" मी तिच्यासमोर डबी धरली.

"त्येंनी इचारलं, ही मुलगी बहिरी हाय हे तुमाला म्हाईत व्हतं का? बाई म्हनल्या, पैल्या दिवसापासनं."

"काय?"

"पैल्या दिवसापासनं! म्हनूनच तुला म्होरला बाक दिला म्हनं. म्हनल्या, ती आपनहून कदी सांगतीया त्याची वाट बगत व्हते. तवा ते म्हनले, आज सांगितलं की."

इतके महिने फाटकाशी गार पडलेले हात, डोलवलेली मान, वेणीतली वायर, गजरा. त्या बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या एकदा बोलल्या असत्या तर? मला त्यांचा राग आला, खरं सांगते, अजूनही थोडा येतो. पण मीही बोलले नव्हते.

"मग पास का?" मी विचारलं.

"त्ये कागुद दावत न्हाईत. पर त्यांनी मटकी खाल्ली तुझी."

निकाल पुढं लागला. मी पास झाले, फळा सोडून वर्गात फिरले म्हणून काही गुण कापून. त्या दिवशी मात्र निकाल ठाऊक नसताना घरी गेले. आई मशीनवर होती, पाठमोरी. मी आल्याचं तिला पावलांवरून कळलं. मशीन थांबलं. तिनं वळून माझ्या गळ्याकडे बघितलं.

"कळलं का कुणाला?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हणाले.

तिनं सुईखालचा टॉवेल काढून घडी घातली. मग मशीनवरून उठली, कडेचे टॉवेल बाजूला सारले आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. डबीकडे थोडं वाकली. एखाद्या अनोळखी पाहुण्याशी बोलावं तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दमलीस का गं? भाकरी टाकू का गरम?"

"टाक," मी म्हणाले.